हुकूम नसलेला उपवास

6 जुलै 2025, रविवार, आषाढी एकादशी. त्या दिवशी मी आनेकलला गेलो होतो. माझ्या जुन्या कंपनीतले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर तिथे मुलाकडे राहतात. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या कडेगावकडचे. मुलगा बोम्मसंद्राला एका कारखान्यात आहे.

दारातच मी सांगून टाकलं, "साहेब, जेवायचं काही करू नका, आज एकादशी."

ते हसले. "बरं झालं साहेब. माझाही रोजा आहे. आज आशुरा."

माझ्यासाठी केळी आणि शेंगदाणे आले. मी खाल्ले. त्यांनी पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

आशुरा म्हणजे मोहरमची दहावी तारीख. आपल्याकडे मोहरम म्हटलं की करबला आणि ताबूत आठवतात. कडेगावचे उंच ताबूत पाहायला तर हिंदू-मुसलमान सगळेच लोटतात. शिया मंडळींसाठी हा शोकाचा दिवस. पण या दिवसाचा रोजा करबलाच्या, म्हणजे इ.स. 680 च्याही आधीचा. मूसा आणि त्यांची माणसं फिरऔनच्या तावडीतून सुटली म्हणून मदिनेतले ज्यू या दिवशी उपवास धरत. ते पाहून पैगंबरांनीही तो धरला, असं हदीसमध्ये येतं. पुढे रमझानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिला.

त्या मर्जीवरूनच मी एकदा चुकलो होतो. 2009 चा डिसेंबर, राजस्थान. मी कॅप्टन, कंपनी माझ्याकडे. साहेब तेव्हा हवालदार. वीस किलोमीटरचा रूट मार्च झाला. संध्याकाळी त्यांनी खिशातून खजूर काढला तेव्हा मला कळलं की हा माणूस दिवसभर पाण्याशिवाय चाललाय. मी सगळ्यांसमोर भडकलो. "रमझान नाही, सक्ती नाही, मग कशाला?"

ते शांतपणे म्हणाले, "सक्ती नाही म्हणूनच, साहेब."

आज मला वाटतं, चूक दोघांची होती. त्यांनी सांगायला हवं होतं. पाण्याविना एक जवान कोसळला तर अख्खं सेक्शन अडकतं. सफरीत आणि आजारपणात रमझानचा रोजासुद्धा पुढे ढकलायची सवलत धर्मानेच दिली आहे. पण माझी चूक मोठी. रमझान माझ्या ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये होता, आशुरा नव्हता, आणि जे कागदावर नाही ते महत्त्वाचं नाही असं मी धरून चाललो. सर्वधर्म स्थळावर रविवारी हात जोडणं सोपं आहे. आपल्या माणसाने आज काय धरलंय हे मार्चच्या आदल्या रात्री विचारणं, हे कंपनी कमांडरचं खरं काम. माझ्या एकादशीला लंगरमध्ये कोणी न सांगता साबुदाणा भिजत घालायचं. त्याची किंमत मला कधी कळलीच नाही.

खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही हुकूम पाळायला शिकलो, आणि ते लागतंच. पण हुकूम नसताना माणूस स्वतःला काय लावून घेतो, त्यावरून मी त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो. असा माणूस रात्रीच्या पहाऱ्यावर झोपत नाही. तरुण अधिकाऱ्यांनो, त्या माणसाला कारण विचारू नका. त्याची सोय बघा.

पावणेसातनंतर सूर्य मावळला. साहेबांनी रोजा सोडला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

"घ्या साहेब, खजूर तुमच्या उपवासाला चालतो."