ध्रुवजलाचे दप्तर

जलचर आपला मागमूस पाण्यापासून लपवू शकत नाही. त्वचेचे कण, श्लेष्मा, विष्ठा यांवाटे त्याचा डीएनए पाण्यात उतरत असतो. म्हणून लिटर-दोन लिटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळून, तीवर उरलेल्या डीएनएची प्रयोगशाळेत वृद्धी करून आणि त्याचा क्रम ज्ञात जातींच्या क्रमांशी ताडून, जाळे न टाकताच तेथील रहिवाशांची यादी करता येते. जेथे हिमखंडांमुळे जाळे ओढणे जिकिरीचे असते, त्या ध्रुवीय समुद्रांत या पद्धतीचे मोल विशेष आहे.

अर्थात ही यादी म्हणजे शिरगणती नव्हे. मासे दहा की दहा हजार, हे तीवरून खात्रीने कळत नाही. थंड पाण्यात डीएनए अधिक काळ टिकत असल्याने प्रवाहाबरोबर दुरून आलेला अंशही स्थानिक म्हणून नोंदला जातो. आणि दक्षता ढळली तर जहाजाच्या मुदपाकखान्यात शिजलेला बांगडा अंटार्क्टिकाचा रहिवासी ठरावयाचा!

तरीही माझा आग्रह आहे तो या नोंदीसाठीच. ती सातत्याने ठेवण्याची यंत्रणा आपल्याकडे आहेच. ६ डिसेंबर १९८१ रोजी सागरशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. पुढे १९८९ मध्ये ‘मैत्री’ व २०१२ मध्ये ‘भारती’ ही केंद्रे उभी राहिली, आणि वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे या साऱ्याचा कारभार आहे. प्रत्येक फेरीत ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या हंगामात पाणी गाळावे आणि निम्म्या गाळण्या आज न तपासता अतिशीत पेट्यांत राखून ठेवाव्यात. कारण आज ज्या जातींचे क्रम कोणत्याही संग्रहात नाहीत, त्या उद्या ओळखता येतील, पण आजचे पाणी उद्या मिळणार नाही.

पुण्याजवळच्या कुरुळीसारख्या कारखान्यांच्या गावी बसून हे लिहिताना जवळून वाहणारी इंद्रायणी कशी वगळावी? ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने, महसीरसुद्धा, प्रसिद्ध केली. म्हणून काय गमावले, याचा थोडाफार अंदाज तरी करता येतो. आळंदीला फेस तरंगला की पाण्यातील प्राणवायू मोजला जातो. त्या पाण्यात अद्याप कोण तग धरून आहे, याची चौकशी सहसा होत नाही. कारखान्यांच्या सामाजिक दायित्वनिधीतून, मोशीपासून तुळापूरच्या संगमापर्यंत, दर पावसाळ्याच्या आधी व नंतर पाणी गाळण्यास कोणाची हरकत असावी, असे मला वाटत नाही.