कुळाचा न्याय आणि तहसीलदाराची सवड

महाड किंवा पोलादपूर तालुक्यात जमिनीचा तंटा उभा राहिला की पहिला प्रश्न पडतो तो दाद कोठे मागावी हा. शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याने अडवली तर तहसीलदार. कसणारा कूळ आहे की नाही हे ठरवायचे तरीही तहसीलदार. मालकीचा वा वाटपाचा वाद असेल तर दिवाणी न्यायालय. महामार्गाखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला अपुरा वाटला तर लवाद, आणि तोही केंद्र सरकारने नेमलेला; म्हणजे ज्याच्यासाठी जमीन घ्यायची त्याच्याच हातचा. सदोष पंपाबद्दल तक्रार असेल तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. न्यायाची दारे अशी वाढत गेली. ती सामान्य माणसासाठी किती उघडतात, याची परीक्षा मात्र कुळकायद्याच्या दारातच घ्यावी लागेल. कारण ते दार कष्टकऱ्याच्या नावाने मुद्दाम वेगळे बांधले गेले.

ते वेगळे का बांधावे लागले, हे नव्या कार्यकर्त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. खोताकडे दप्तर होते, वकील होता आणि थांबण्याची ऐपत होती. कुळाकडे होता तो फक्त नांगराखालचा ताबा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष. खंडाची पावती मिळण्याचा रिवाज नव्हता. अशा दोन पक्षकारांना एकाच तराजूत घालून कागद मागणे, हे दिसायला समान आणि परिणामी विषम असते. शिवाय दिवाणी न्यायालयाचा वेळ. महाडच्या चवदार तळ्याचा दावा या दृष्टीने आठवावा. तळे सार्वजनिक असल्याचे मान्य करून नगरपालिकेने ते १९२४ मध्ये सर्वांना खुले केले होते. तरी सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयात दावा लावून मनाई मिळवली. खालच्या न्यायालयातून ठाण्याला, तेथून मुंबईला असा प्रवास करून उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी. वादींना आपली अनादि वहिवाट सिद्ध करता आली नाही. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. पण पाणी पिण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली, आणि तीही प्रतिवादींत स्वतः एक बॅरिस्टर असताना!

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप चालवला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. या रेट्यातून १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. कुळकायद्याने कूळ कोण हे ठरवण्याचा अधिकार मामलेदाराला दिला आणि कलम ८५ अन्वये दिवाणी न्यायालयाला त्यातून बाजूला ठेवले. दिवाणी दाव्यात असा मुद्दा निघालाच तर न्यायाधीशाने तो महसुली अधिकाऱ्याकडे पाठवावा, अशीही तरतूद झाली. १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या मर्यादेत ठरवायची, ती हप्त्याने भरता यायची. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बाजारभावाला येथे जाणूनबुजून दाराबाहेर उभे केले होते. ग्रामीण महाराष्ट्रात मालमत्तेची रचना बदलणारे इतके मोठे पाऊल दुसरे क्वचितच सापडेल.

मग अडले कोठे? कायद्याच्या पोटात एक फट होती. जमीनमालक विधवा, अज्ञान वा अपंग असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. ती स्थिती संपल्यावर ठरलेल्या मुदतीत, सर्वसाधारणपणे वर्षभरात, कुळाने खरेदीचा इरादा कळवला पाहिजे, असे कलम ३२ फ सांगते. आता मालकीण विधवा मुंबईत वारली हे पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाला कोणी कळवायचे? कायदा गप्प होता, आणि त्या मौनाचा फायदा कोणाला मिळाला हे सांगायला नको. विधवेच्या वारसांनी कुळाला तसे कळवणे बंधनकारक आहे, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाकडून झाला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. कृषकदिनापासून बासष्ट वर्षांनी! ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांतील किती जण तोवर हयात होते?

फट कायद्यात होती तशी ती यंत्रणेतही होती, आणि दुसरी अधिक खोल आहे. न्यायाधिकरण म्हणून जो बसतो तो तहसीलदारच असतो. निवडणूक त्याची, शिधावाटप त्याचे, दाखले त्याचे, गौण खनिज त्याचे. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होते, तळिये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यातही माणसे गाडली गेली. तशा दिवसांत कुळकायद्याची तारीख कोण चालवणार? कोणी चालवावी असे म्हणणारही नाही. पण आपत्ती सरल्यावरही दौरा, बैठक, मंत्र्यांची भेट असतेच, आणि 'पुढील तारीख' हा शेरा पडत राहतो. तारखेला डोंगरावरून उतरलेल्या माणसाचा रोज बुडतो. समोरच्याचा वकील येतो आणि जातो.

त्या १९५७ सालीच इंग्लंडमध्ये फ्रँक्स समितीने न्यायाधिकरणांवरील अहवाल दिला. पेन्शन, विमा, घरभाडे यांसारख्या तंट्यांसाठी तेथेही अशी मंडळे निघाली होती. ही मंडळे प्रशासनाचे शेपूट नसून न्यायनिवाड्याची साधने आहेत. खुलेपणा, न्याय्यता आणि निःपक्षपातीपणा या कसोट्या त्यांना लावल्या पाहिजेत, असे त्या समितीने बजावले. आपल्याकडे दिवाणी न्यायालयाचे दार कुळासाठी बंद केले, परंतु नव्या दारात बसवलेला माणूस मात्र प्रशासनातच राहू दिला.

त्यापुढची शिडी पाहावी. तहसीलदाराच्या निर्णयावर अपील महाडच्या प्रांताकडे, येथवर ठीक. त्यानंतर पुनरीक्षण महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे मुंबईला, आणि अखेर उच्च न्यायालय. न्यायाधिकरणांवरील उच्च न्यायालयाची देखरेख काढून घेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले, ते योग्यच झाले. पण पोलादपूरहून मुंबई जवळजवळ दोनशे किलोमीटर. ज्या ऐपतीच्या विषमतेतून कुळाला सोडवण्यासाठी दिवाणी न्यायालय टाळले, तीच विषमता अपिलाच्या वाटेने पुन्हा घरात शिरते.

वाटेच्या तंट्यांत हीच यंत्रणा बरे काम करू शकते, हे मात्र मान्य केले पाहिजे. इंग्रजी अमदानीतला १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आजही चालू आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला तर तहसीलदार वाट किंवा पाण्याचा प्रवाह मोकळा करून देण्याचा हुकूम देतो. हक्काचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयासाठी मोकळा राहतो. भाताची लावणी थांबत नाही, आणि तंटा जागेवर जाऊन पाहता येतो. बांध कोठे आहे हे फायलीतून कळत नाही. तेथे उभे राहिल्यावर कळते. अर्थात सहा महिन्यांची अट माहीत नसल्याने 'आज ना उद्या ऐकेल' म्हणून थांबणारे पुष्कळ निघतात.

यावर काही वकीलमंडळी म्हणतात की सारे पुन्हा दिवाणी न्यायालयाकडे द्यावे. तो इलाज नव्हे. तुंबलेल्या न्यायालयात कूळ पुन्हा कागदाच्या लढाईत एकटे पडेल. मागणी वेगळी हवी: महाड व पोलादपूरसाठी कुळकायदा आणि वाटेच्या दाव्यांपुरता पूर्णवेळ, कायद्याचे शिक्षण घेतलेला, महसूल खात्याच्या बदलीच्या टांगत्या तलवारीपासून मुक्त असा अधिकारी, त्याच्या बैठकीचे ठरलेले वार पोलादपुरात, आणि महसूल न्यायाधिकरणाची वर्षातून काही दिवस महाडला बैठक. यासाठी प्रचंड पैसा लागत नाही. लागते ती राजकीय इच्छा.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालय आणि न्यायाधिकरणही येते. म्हणून स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि पूर-दरडीसारख्या आपत्तीचे बळी यांना तहसीलदारासमोरही मोफत वकील मागता येतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा. गौरी-गणपतीला चाकरमानी गावी येतात, एरवी विखुरलेले वारस तेवढे दिवस एका घरात सापडतात. त्या आठवड्यात कार्यकर्त्यांनी वाडीवाडीतील सातबारे काढून 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव अजून तसेच राहिले आहे का, मालकाच्या जागी विधवेचे वा अज्ञानाचे नाव होते का, वारसांनी काही कळवले होते का, हे घरोघरी विचारावे आणि गावाची यादी तारखांसह लिहून काढावी.