राखीव म्हणजे रिकामा नव्हे

हाऊसच्या फुटबॉल संघाची यादी लागली की ‘राखीव’मध्ये नाव आलेले कॅडेट सरावात सैल पडतात. मला हे पटत नाही. त्यांनी पोर्तुगालच्या एडेरची कारकीर्द पाहावी.

गिनी-बिसाऊत जन्मलेला एडेर पोर्तुगालमध्ये आई-वडिलांपासून दूर, मुलांच्या संस्थेत वाढला. २०१५ मध्ये तो वेल्समधील स्वॉन्झी सिटी क्लबकडे गेला; तिथे त्याला एकही गोल करता आला नाही. २०१६ च्या सुरुवातीला तो फ्रान्सच्या लील क्लबकडून खेळू लागला आणि गोल करू लागला. त्या वर्षीच्या युरो स्पर्धेत तो बहुतेक वेळ बाकावरच होता. १० जुलैला फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात रोनाल्डो जखमी होऊन बाहेर गेला. एडेर ७९ व्या मिनिटाला मैदानात उतरला आणि १०९ व्या मिनिटाला त्याने विजयी गोल केला.

प्रत्येक राखीव खेळाडूला असा गोल मिळत नाही, हे खरे. पण हाक आल्यावर तयारीला वेळ नसतो. म्हणून प्रशिक्षकांनी राखीव कॅडेटकडूनही तितकाच सराव करून घ्यावा. आणि पालकांनी फोनवर ‘निवड झाली का?’ याआधी ‘सराव कसा चालला आहे?’ हे विचारावे.