टोन बदलला, पण भाता कोण हलवणार?

स्वतः वाजणारा पियानो एखाद्या हॉटेलच्या लॉबीत किंवा हौशी माणसाच्या घरी बसला की थोड्याच दिवसांत फर्माईश येते : यात जरा व्हायोलिन घाला, एखाद्या गाण्याला ऑर्गन लावा. आपल्या ट्यूनर मंडळींपैकी बहुतेक जण पॅनेलवर टोनचा क्रमांक बदलतात, मालकाला ऐकवतात आणि पुढच्या कामाला निघतात. एवढ्यावर हे काम सोडणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. टोन बदलणे म्हणजे त्या रचनेची वाद्ययोजना बदलणे. ते संगीताचे काम आहे आणि ते त्याच काळजीने झाले पाहिजे.

यामाहाच्या डिस्क्लाव्हियरसारख्या वाद्यात खरे तर दोन वाद्ये एकत्र नांदतात. सोलेनॉइड पट्ट्या हलवतात, हातोडे तारांवर पडतात आणि त्यातून खरा पियानो वाजतो. टोन जनरेटर त्याच्या शेजारी स्वतंत्रपणे स्पीकरमधून बोलत असतो. टोन बदलला की फरक पडतो तो या दुसऱ्याच्याच आवाजात. तारा तारांसारख्याच वाजतात. म्हणून मालकाला आधी हे विचारावे : पियानो चालू ठेवून त्याला जोड हवी आहे, की हातोडे थांबवून फक्त नवा टोन ऐकायचा आहे? कोणता भाग पट्ट्यांवर वाजणार हे काही सेटिंगांत चॅनेलवरून ठरते, तर काहींत प्रोग्रॅम क्रमांकावरून. दुसऱ्या प्रकारात टोन बदलताच पट्ट्या निश्चल होतात आणि मालकाला वाटते, वाद्य बिघडले.

‘हाताने लावलेला टोन टिकत नाही’ ही तक्रारही नेहमीची. याचे कारण फाइलमध्येच असते. मिडी फाइलच्या सुरुवातीला बहुधा प्रत्येक चॅनेलसाठी प्रोग्रॅम चेंज लिहिलेला असतो आणि गाणे सुरू होताच तो पॅनेलवरची निवड पुसून टाकतो. बदल कायमचा हवा असेल तर तो फाइलच्या प्रतीत करावा. मूळ फाइलला हात लावू नये. बँक सिलेक्टचे 0 आणि 32 हे दोन्ही कंट्रोलर आधी आणि प्रोग्रॅम चेंज नंतर, हा क्रम पाळावा. पॅनेलवर 1 ते 128 दिसत असले तरी संदेशात 0 ते 127 जाते, त्यामुळे एका अंकाची चूक सहज होते आणि सनईच्या जागी फिडल वाजते. शिवाय रोलँडच्या जीएस पद्धतीत टोनचे उपप्रकार पहिल्या बँक क्रमांकात असतात, यामाहाच्या एक्सजीमध्ये दुसऱ्या. एका पद्धतीची फाइल दुसरीवर तपासल्याशिवाय चालवू नये.

खरा कस लागतो सुरात. टोन जनरेटर ए 440 वर स्थिर असतो. पियानोचा साउंडबोर्ड लाकडाचा, तो पावसाळ्यात दमट हवेने फुगतो आणि मधले सप्तक चढते. कोरड्या हवेत किंवा सतत चालणाऱ्या एसीत ते उतरते. पियानोचा ए 442 वर गेला आणि त्याला 440 चे व्हायोलिन जोडले, तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. वरच्या सप्तकात चार. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण त्याला ते खटकते. अशा वेळी दोन ट्यूनिंगांच्या मधल्या काळात मास्टर ट्यून वापरून टोन जनरेटर पियानोपर्यंत आणावा. गाण्यासोबत ध्वनिमुद्रित गायन असेल तर हा उपाय चालत नाही. तिथे पियानोच 440 वर लावावा लागतो.

एवढे करूनही वरच्या टोकाला फरक राहतो. ताणलेल्या पोलादी तारेचे उपस्वर गणितापेक्षा किंचित चढे असतात, म्हणून कुशल ट्यूनर पियानोचे वरचे स्वर थोडे चढे आणि खर्ज थोडा उतरता लावतो. व्हायोलिनच्या टोनला हा ताण बहुधा दिलेला नसतो. जोड द्यायचीच तर ती मधल्या दोन-तीन सप्तकांत द्यावी. टोकाच्या स्वरांवर पियानो एकटाच शोभतो.

वेळेचा प्रश्न त्यामानाने सोपा. हळू मारलेल्या हातोड्याला तारेपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो. तो फरक भरून काढता यावा म्हणून डिस्क्लाव्हियर बाहेरून आलेले मिडी संदेश अर्धा सेकंद थोपवून धरतो. बाहेरचा साउंड मॉड्यूल जोडणाऱ्यांनी हा अर्धा सेकंद धरूनच जुळणी करावी.

आता ऑर्गनकडे वळू, कारण आपल्याकडे या टोनला सर्वाधिक मागणी आहे. 1991 च्या जनरल मिडीच्या 128 टोनांत भारतीय वाद्ये दोनच आली : 105 वर सतार आणि 112 वर सनई. हार्मोनियम नाही. काही उत्पादक आपल्या जादा बँकांत ती देतात. बाकी ठिकाणी 21 क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवावे लागते. नाट्यसंगीतासाठी मात्र तो टोन मनापासून आवडावा असा आहे, कारण संगीत रंगभूमीवरची पायपेटी हे रीडचेच वाद्य.

पण पियानोच्या फाइलवर नुसता 21 लावला की ऐकवत नाही. पियानोचा स्वर पेडल दाबले तरी विरत जातो, रीडचा विरत नाही. पियानोसाठी लिहिलेले 64 क्रमांकाचे पेडल ऑर्गनला तसेच लागू झाले, की एका स्वरसंगतीवर दुसरी साचत जाते आणि सगळा लगदा होतो. ऑर्गनच्या चॅनेलवरचे पेडल काढून टाकावे आणि जिथे स्वर सलग हवा तिथे त्याची लांबी हाताने वाढवावी. दुसरी अडचण जोराची. पियानोत लहान-मोठेपणा पट्टी किती वेगाने दाबली त्यावर ठरतो. रीडला त्या वेगाशी घेणे नसते. तिचा जोर हवेच्या दाबातून येतो. पेटीवाला गायकाच्या तानेमागे भाता किंचित आवरतो आणि समेवर येताना हवा भरतो. फाइलमध्ये हा भाता कुठेच लिहिलेला नसतो. तो आपणच 11 क्रमांकाच्या एक्सप्रेशन कंट्रोलरने लिहायचा आहे, गाणे ऐकत, ओळीगणिक. एका पदाला यात अख्खी दुपार जाऊ शकते, आणि ती घालवण्याच्या योग्यतेची आहे.

म्हणून या कामाची आकारणी वाद्यदुरुस्तीच्या फेरीत धरू नये. वाद्यसंयोजकाचे काम म्हणून वेगळी करावी आणि मालकाला तसे आधीच सांगावे. मूळ आणि बदललेली अशा दोन्ही फाइली त्याच्याकडे ठेवाव्यात. कोणता चॅनेल, कोणती बँक, मास्टर ट्यून किती, हे कागदावर लिहून वाद्याजवळ ठेवावे, म्हणजे पुढच्या ट्यूनरला अंदाजाने चाचपडावे लागणार नाही. आणि नाट्यपदांच्या फाइली तयार करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : पायपेटीला पियानोपासून वेगळा चॅनेल द्या, त्यावर पेडल लिहू नका आणि भाता लिहिल्याशिवाय फाइल कुणाच्या हाती देऊ नका.