बीड : दोन अक्षरांची भानगड

भांड्यांच्या दुकानात ‘बिडाचा तवा’ मागितला की ओतीव लोखंडाचा जड तवा पुढ्यात येतो. ‘बीडचा तवा’ म्हणालात, तर दुकानदार नुसता तोंडाकडे बघेल. धातूचं बीड प्रत्यय लागला की ‘बिडा’ होतं, गावाचं बीड मात्र जागचं हलत नाही. गावाचं नाव तव्यावरून पडलं असं अजून कुणी म्हणालेलं नाही, एवढं नशीब. बाकी बरंच काही म्हणून झालंय.

एक मत असं की बालाघाटच्या पायथ्याशी, खोलगटात वसलेलं गाव म्हणून ‘बीळ’ आणि त्याचं बीड. ऐकायला झकास. पण मराठीत ही गाडी उलट्या दिशेनं धावते. गुडाचा गूळ झाला, षोडशचे सोळा झाले. ‘ड’चा ‘ळ’ होतो. ‘ळ’ मागे फिरून ‘ड’ झाल्याची उदाहरणं शोधावी लागतील.

दुसरं मत जास्त लोकप्रिय. मुहम्मद तुघलकानं इथलं पाणी पाहून गावाला ‘भीर’ नाव दिलं, असं सांगतात. अरबीत ‘बिअर’ म्हणजे विहीर. (पिण्याच्या बिअरशी संबंध नाही, चौकशी होते, म्हणून सांगून ठेवलं.) हिब्रूत ‘बेएर’ म्हणजेही विहीरच. इस्राएलचं बीरशेबा त्यावरून, आणि लेबनॉनच्या बैरूतचं नावही विहिरींवरूनच आलं असं मानतात. हे खरं असेल, तर बीड आणि बैरूत भावकीतले निघाले!

शहराबाहेरची खजाना विहीर या मताला आयताच पुरावा वाटते. पण ती सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबतखानाच्या काळात बांधलेली. तुघलक चौदाव्या शतकातला. तेव्हा विहिरीवरून नाव पडलं असलंच, तर ती विहीर ही नव्हे.

माझा संशय लिपीवर आहे. मूळ अरबी-फारसी लिपीत ‘ड’ नाही. त्यासाठी उर्दूनं नंतर वेगळ्या खुणेची अक्षरं केली. त्याआधी एखाद्या कारकुनानं गावकऱ्यांच्या तोंडचं ‘बीड’ कागदावर उतरवलं, तर जवळचं अक्षर ‘र’. पुढे इंग्रजांनी रोमन लिपीत ‘भीर’ केलं, आणि महाराष्ट्र झाल्यावर निघालेल्या सरकारी गॅझेटियरनंही तेच चालू ठेवलं. मग कागदावरचा ‘र’ बघून कुणाला तरी अरबी विहीर आठवली असेल. अर्थ आधी आणि नाव मागून, असं इथे झालेलं नसावं. उलटंच झालेलं दिसतं. दुसरं असं, की सुलतानानं ‘र’ दिला असता, तर गावानं त्याचा ‘ड’ कशाला केला असता? ‘खबर’ची आपण ‘खबड’ केली नाही, ‘शहर’चं ‘शहड’ केलं नाही.

उत्तरेकडे, हरियाणा-राजस्थानात, ‘बीड़’ म्हणजे राखीव गवताचं कुरण. बालाघाटच्या माळांवर मेंढरं चारणाऱ्यांच्या बोलीत असा एखादा शब्द होता का, हे कुणी तपासायला हवं. मी हा तर्क पुढे रेटत नाही, पुरावा नाही.

पुरावा असलाच तर आपल्या घरातल्या ट्रंकेत असेल. वतनाचे, खरेदीखताचे, जुन्या वाटणीचे मोडी किंवा फारसी कागद रद्दीत घालू नका. मोडी वाचणारा गाठा आणि तुघलकाच्या आधीचं राहू द्या, निदान हैदराबादच्या निजामाच्या आधी आपलं गाव कोणत्या अक्षरात लिहिलं जाई, तेवढं बघून मला कळवा.