दुकान कधी धावते का?

"इंग्रजी फार अवघड भाषा आहे बुवा!" हे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या आवारात दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडते. का अवघड, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "शब्द किती मोठमोठे!" माझेही मत कालपरवापर्यंत हेच होते. आज मात्र मला अगदी उलट वाटते. इंग्रजीत आपल्याला पाडतात ते मोठे शब्द नव्हेत. पाडतात ते छोटे, रोजचे, लहानपणीच पाठ केलेले शब्द.

हे मत मी स्वतःच्या फजितीतून मिळवले आहे, म्हणून आधी ती फजितीच सांगतो. बारावीत असताना एका चाचणीत मराठीत अनुवाद करण्यासाठी उतारा आला होता. नवऱ्याच्या मागे एक बाई चहाचे दुकान चालवून मुलांना शिकवते, अशी त्यात हकीकत होती. 'चालवणे' यासाठी इंग्रजीत 'रन' हे क्रियापद होते. 'रन' म्हणजे धावणे, हे मला तिसरीपासून पाठ! मी बिनदिक्कत लिहिले, "त्या बाईचे चहाचे दुकान रोज धावत असे." त्याच उताऱ्यातला 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा मालगाडीसारखा लांब शब्द मला बिनचूक आला होता. तीन अक्षरांच्या 'रन'ने मात्र दगा दिला. सरांनी समासात लाल शाईने लिहिले होते, "दुकान कधी धावते का?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी अभ्यास केला नव्हता असे नाही. जो केला होता, त्यानेच मला फसवले होते.

मित्रहो, आपली शब्दार्थांची वही आठवून पाहा. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ, आणि तोही एकच. शब्दाचे एका अर्थाशी लग्न लावून दिले की आपण मोकळे! महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून येतो. बारा वर्षांत वह्या भरतात, पण वर्तमानपत्रातले चार ओळींचे वाक्य लागत नाही, याचे एक मोठे कारण मला त्या उभ्या रेघेत दिसते.

कोशकारांना विचारले तर ते काय सांगतात? ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी शब्दकोश १८८४ पासून भागाभागाने निघू लागला आणि १९२८ साली पुरा झाला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. पुढे नव्या सुधारणेत 'रन'ने त्यालाही मागे टाकले. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. सी. के. ऑग्डेन या अभ्यासकाने १९३० साली परकीयांसाठी 'बेसिक इंग्लिश' नावाची सोपी इंग्रजी तयार केली. तिच्यात शब्द ८५० आणि क्रियापदे अवघी १८! गेट, गिव्ह, गो, पुट, टेक अशा किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवर त्याने सारा व्यवहार उभा केला. छोटा शब्द हा भाषेचा हमाल आहे. दिसायला साधा, पण सगळे ओझे त्याच्याच डोक्यावर.

६४५ हा आकडा वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. एवढे अर्थ पाठ कधी करायचे? पण थांबा. आपण मराठी बोलणारी माणसे रोज हेच करतो, आणि एकही अर्थ पाठ न करता करतो. आपले 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. निकाल लागतो, मग नशीब असेल तर नोकरी लागते. झाडाला फळे लागतात, विहिरीला पाणी लागते. म्हाताऱ्याचा डोळा लागतो, तान्ह्या पोराला दृष्ट लागते. परभणीला जाताना वाटेत गावे लागतात, बाजारात पैसे लागतात, नवरीला हळद लागते. या सगळ्यांचा एक अर्थ उजवीकडच्या रकान्यात लिहून दाखवावा! नाही लिहिता येणार. तरीही आपल्या घरातली शाळेचे तोंड न पाहिलेली आजी यात कधी चुकत नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. मोल्सवर्थ हा लष्करी नोकरीत इकडे आलेला इंग्रज. इथल्या शास्त्री-पंडितांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. आपल्याला 'रन' पाहून घाम फुटतो, तसा त्याला 'लागणे' पाहून फुटला नसेल का? मला तर ही कल्पना फार धीर देते.

बरे, हे कसब आपण मराठी शब्दांपुरतेच ठेवलेले नाही. आपल्या गंगाखेडच्या बोलण्यात आलेल्या इंग्रजी शब्दांकडेच बघा. गिरणीत दळण ठेवले की विचारतात, "माझा नंबर कधी?" मुलाचा वसतिगृहात नंबर लागतो, वर्गात पहिला नंबर येतो, चष्म्याचा नंबर वाढतो, मोबाईलचा नंबर बदलतो आणि कुणाचा धंदा दोन नंबरचा असतो. 'लाईन'चेही तसेच. तिकिटाला लाईन असते, परळी-परभणी ही रेल्वेची लाईन आहे, रात्री मोटारीला लाईन आली की शेतकरी उसाला पाणी द्यायला उठतो, आणि पोरगा बिघडला की बाप म्हणतो, "लाईनवर ये." हे अर्थ आपल्याला कोणत्या मार्गदर्शिकेने शिकवले? कुणीच नाही. गिरणीत उभे राहून 'नंबर' कळला, शेतात उभे राहून 'लाईन' कळली. शब्दाचा अर्थ त्याच्या जागेवरून आणि सोबत्यांवरून कळतो, ही गोष्ट आपल्याला मुळात ठाऊक आहे. इंग्रजीच्या तासाला बसलो की तेवढी ती आपण विसरतो.

ही केवळ गुणांची बाब नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा आमच्या आजीची तपासणी झाली. अहवाल 'निगेटिव्ह' आला, असे फोनवर ऐकताच तिने डोळ्यांना पदर लावला. 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट, एवढेच तिच्या कानावरून गेले होते. दूरदर्शन संचावर कुणी ना कुणी रोज सांगत असे, "पॉझिटिव्ह राहा", आणि इकडे पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाच्या घराकडे कुणी फिरकत नसे! आजीला समजावून सांगायला आम्हाला दहा मिनिटे लागली. ज्या घरात समजावणारे कुणी नसेल तिथे काय झाले असेल? बँकेचा कागद, विम्याचा कागद, औषधाची चिठ्ठी यांवर असेच साधे शब्द असतात, आणि ते साधे वाटतात म्हणूनच आपण विचारत नाही.

आणखी एक शब्द सांगतो. वहीत 'फेअर' म्हणजे जत्रा असे लिहिलेले असते. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी 'फेअर' म्हणजे गोरा असे शिकवले. कोशात हे दोन निरनिराळ्या मुळांचे, योगायोगाने सारखे झालेले शब्द आहेत. आपल्याकडे धान्य दळायचे जाते आणि "ती घरी जाते" यातले जाते असतात ना, तसेच. आता शिधावाटपाच्या दुकानाला इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात. वहीतला अर्थ लावला तर ते जत्रेतले दुकान ठरेल, जाहिरातीतला लावला तर गोऱ्या किमतीचे! पण मराठी पाटीवर काय लिहिलेले असते? 'रास्त भाव दुकान'. ज्या कुणी हा शब्द योजला त्याने 'फेअर' एकटा पाहिला नाही, 'प्राइस'च्या शेजारी उभा असलेला पाहिला. 'रास्त' हा तरी आपला कुठे? तोही फारसीतून आलेला पाहुणा. पण इथे कसा नेमका बसला! अनुवाद म्हणजे काय हे मला त्या पाटीने शिकवले.

माझे काही मित्र म्हणतील, "हे सगळे ठीक आहे, पण परीक्षा तोंडावर आली की पाठांतराशिवाय गती नाही." त्यांचे अगदीच चूक नाही. सुरुवातीला चारशे-पाचशे शब्द पाठ करावेच लागतात, पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात तसे. पण आयुष्यभर भोपळा बांधून कुणी गोदावरी ओलांडत नाही. शिवाय पाठ केलेले महिन्याभरात विसरते, वाक्यात भेटलेले राहते. 'रन' मी या जन्मी विसरणार नाही.

म्हणून मी माझ्या वहीतली उभी रेघ पुसली आहे. आता एक शब्द लिहितो आणि खाली तो ज्या ज्या वाक्यात भेटेल ते वाक्य उतरवतो. 'रन'च्या पानावर आतापर्यंत चौदा वाक्ये झाली आहेत. त्यात नळाचे पाणी आहे, निवडणूक आहे, ताप आहे, आणि ते चहाचे दुकानही आहे. ६४५ पर्यंत पोचण्याची मला घाई नाही.

प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती आहे. वर्गात एखाद्याने उठून "सर, या शब्दाचा अर्थ काय?" असे विचारले, तर लगेच अर्थ सांगू नये. आधी उलट विचारावे, "कुठल्या वाक्यातला?" सुरुवातीला आमची धांदल उडेल. पण अर्थ शोधायची सवय लागेल, आणि ती एकदा लागली की तो 'लागणे'चा सगळ्यात चांगला अर्थ ठरेल.

(बी. ए. द्वितीय वर्ष)