रात्रीच्या फेऱ्या

आमच्या वयाचे पुरुष रक्तदाबाचे आणि साखरेचे आकडे धावसंख्येसारखे सांगतात. गुडघ्यांची चौकशी तर करूच नये! पण रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, हे कोणी बायकोलाही सांगत नाही. तिला ते ठाऊक असतंच. दिवा लागतो, कडी वाजते.

कारण बहुधा प्रोस्टेट. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी असते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ती वाढू लागते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, होऊनही राहिल्यासारखी वाटते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; मात्र दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

‘वय झालं, चालायचंच’ या वाक्याचा मला राग आहे. लघवी साचत राहिली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सर्दीची साधी गोळीही कधीकधी अशा माणसाची लघवी अडवते. मग नळी घालावी लागते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांची १९९२ सालची प्रश्नपत्रिका आवडते. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, २० पासून पुढे तीव्र. कर्जाच्या अर्जात करतात तशी लपवाछपवी इथे करून फसवणार कोणाला?

त्रास सौम्य असेल तर संध्याकाळनंतर चहा, पाणी, मद्य आवरून वाट पाहता येते. टॅमसुलोसिनने काही दिवसांत आराम पडतो. झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. फिनास्टेराइड ग्रंथी लहान करतं, पण त्याला सहा महिने द्यावे लागतात. त्याने रक्तातली ‘पीएसए’ निम्म्यावर येते, म्हणून तपासणीच्या वेळी गोळीचं नाव सांगावं. एवढ्यानं भागलं नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पोटावर छेद नाही. तिच्यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. हे डॉक्टरांनी आधीच सांगावं, नाहीतर रुग्णानं विचारावं.

बाबा एसटीचा प्रवास टाळू लागले, नाट्यगृहात कडेचीच खुर्ची मागू लागले, तर मुलानं एकांतात विचारावं. सुनेला संकोच वाटेल, त्याला वाटायचं कारण नाही. आणि लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अजिबातच होईना, तर सोमवारपर्यंत थांबू नये.